फेरिचेचा दवाखाना आणि दुपारी तीनचे व्याख्यान : एक परीक्षण

एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या वाटेवर, सुमारे ४,२५० मीटर उंचीवरच्या फेरिचे या वस्तीत हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना आहे. १९७३ साली स्थापन झालेल्या या नेपाळी संस्थेची ही सर्वांत जुनी चौकी होय. वसंत आणि शरद अशा दोन हंगामांत ती उघडी असते, एरवी बंद. पुण्या-मुंबईहून, नाशिक-कोल्हापूरहून दर वर्षी बेस कॅम्पला जाणाऱ्या मराठी गटांपैकी बरेचसे लोक या दवाखान्यासमोरून जातात, त्याच्या अंगणातल्या एव्हरेस्टवर मरण पावलेल्यांच्या स्मारकापाशी छायाचित्र काढतात आणि आत काय मिळते याची चौकशी न करता पुढे निघतात. हे परीक्षण मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. मात्र मी स्वतः वैद्यकशास्त्र शिकले आहे, आणि उंचीवरच्या वैद्यकाकडे, विशेषतः त्यातील संशोधनाकडे, वळू पाहणाऱ्या तरुण डॉक्टरांना ही जागा काय देऊ शकते हा प्रश्न मनात ठेवूनच मी तिथे गेले होते. त्यामुळे त्या वाचकांसाठीही बरेच काही लिहिणार आहे.

आधी जागेविषयी, कारण या सेवेची सर्वांत मोठी अडचण जागेचीच आहे. लुक्ल्याला (२,८६० मीटर) विमानाने उतरलेला ट्रेकर नामचे बाजार (३,४४० मीटर) आणि तेंगबोचे (३,८६० मीटर) असे मुक्काम करीत वर येतो. त्यापुढे वाटेला दोन फाटे फुटतात. डावा फेरिचेला जातो आणि उजवा दिंगबोचेला (४,४१० मीटर). आजकाल बहुतेक आयोजक चढताना उजवा फाटा धरतात. दिंगबोचेला ऊन अधिक वेळ मिळते, लॉज आणि बेकऱ्या अधिक आहेत, आणि विश्रांतीच्या दिवशी चढून यायला नांगकारत्शांगची टेकडी गावालगतच आहे. फेरिचेच्या खोऱ्यात मात्र दुपारनंतर असा वारा सुटतो की खोलीबाहेर पडणे नकोसे होते. त्यामुळे घडते असे की गट चढताना दिंगबोचेला राहतो आणि फेरिचेवरून जातो तो उतरताना, म्हणजे ज्या ज्ञानाची वर जाताना गरज होती ते ज्ञान देणारे घर त्याला काम संपल्यावर भेटते. ही दवाखान्याची चूक नव्हे. पण सेवा कितीही चांगली असली तरी ती गिऱ्हाइकाच्या वाटेवर नसेल तर तिचा उपयोग किती होणार, हा प्रश्न उरतोच. उपाय अवघड नाही. दिंगबोचे आणि फेरिचे यांच्यामध्ये एकच डोंगरधार आहे आणि ती ओलांडायला सवयीच्या ट्रेकरला पाऊण तासापेक्षा फारसा अधिक वेळ लागत नाही. विश्रांतीच्या दिवशी तेवढे चालणे शरीराला हितकारकच ठरते.

हंगामात रोज दुपारी तीन वाजता इथले डॉक्टर उंचीच्या आजारांवर व्याख्यान देतात. साधारण तासाभराचे असते, त्याला प्रवेशशुल्क नाही, ज्याला इच्छा असेल त्याने देणगी द्यावी. माझ्या मते या संपूर्ण वाटेवर मिळणाऱ्या सेवांमध्ये, विमान, लॉज, वायफाय, गरम पाण्याची आंघोळ या सगळ्यांसकट, ही सर्वांत मोलाची सेवा आहे. व्याख्याता हंगामागणिक बदलतो, म्हणून एखाद्याची शैली रंजक आणि एखाद्याची कोरडी असणार हे गृहीत धरावे. आशय मात्र बराचसा ठरलेला असतो आणि तो इतक्या वर्षांत घासूनपुसून नेमका झालेला आहे. पहिली गोष्ट अशी की उंचीवर डोके दुखू लागले, भूक गेली, मळमळ झाली, गरगरले किंवा अकारण गळून गेल्यासारखे वाटले, तर दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत तो उंचीचाच आजार समजावा. दुसरी, लक्षणे असताना झोपायला आणखी वर जाऊ नये. तिसरी, लक्षणे वाढत असतील तर रात्र असो वा दिवस, खाली उतरावे. आणि चौथी, जी आपल्याकडच्या गटांनी विशेष ऐकावी अशी आहे : आजारी माणसाला लॉजवर एकटे ठेवून बाकीच्यांनी पुढे जाऊ नये.

व्याख्यानात मला सर्वांत आवडले ते हे, की भीती घालण्याऐवजी तिथे कारणे सांगितली जातात. बेस कॅम्पवर, म्हणजे ५,३६४ मीटरवर, हवेतल्या ऑक्सिजनचे प्रमाण समुद्रसपाटीइतकेच, सुमारे २१ टक्के, असते. कमी होतो तो हवेचा दाब, आणि त्यामुळे प्रत्येक श्वासात मिळणारा ऑक्सिजन जवळजवळ निम्म्यावर येतो. शरीर याला उत्तर म्हणून जोराने श्वास घेऊ लागते. त्यात कार्बन डायऑक्साइड अधिक बाहेर पडतो, रक्त अल्कधर्मी होते आणि मेंदूतील श्वसनकेंद्र पुन्हा श्वास मंदावू पाहते. मूत्रपिंडे बायकार्बोनेट बाहेर टाकून हा तोल सावरतात, पण त्यांना काही दिवस लागतात. डायमॉक्स, म्हणजे ॲसिटाझोलामाइड, हे औषध मूत्रपिंडांचे तेच काम लवकर करवून घेते. हे एकदा समजले की गोळी घेऊन आजार ‘झाकला’ जातो हा आपल्या ट्रेकरांमध्ये खोलवर रुजलेला समज आपोआप गळून पडतो. प्रतिबंधासाठी १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा एवढी मात्रा पुरते, म्हणजे भारतात सर्रास मिळणाऱ्या २५० मिलिग्रॅमच्या गोळीची अर्धी. बोटांना मुंग्या येणे आणि लघवी जास्त होणे हे अपेक्षित परिणाम आहेत, आणि शीतपेयांची चव बेचव लागणे हा त्यातला मजेशीर भाग आहे. ज्यांना सल्फा औषधांची गंभीर ॲलर्जी आहे त्यांनी मात्र निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारलेले बरे.

आपल्याकडून जाणाऱ्यांच्या पाठपिशवीत हमखास सापडणाऱ्या दोन वस्तूंचा इथे वेगळा उल्लेख करते. एक कापराची पुरचुंडी आणि दुसरी कोका या होमिओपॅथिक औषधाच्या साखरगोळ्यांची बाटली. कापूर हुंगल्याने नाकात थंडावा येतो आणि श्वास मोकळा झाल्याचा भास होतो, पण रक्तातला ऑक्सिजन त्याने तसूभरही वाढत नाही. साखरगोळ्यांच्या बाजूने तर भरवशाचा पुरावाच नाही. हे पदार्थ स्वतः अपायकारक नसतीलही, धोका आहे तो त्यांच्या भरवशावर डोकेदुखी अंगावर काढून वर जाण्यात. करोनानंतर प्रत्येकाच्या खिशात आलेल्या ऑक्सिमीटरचेही तसेच आहे. या उंचीवर ऐंशीच्या घरातला आकडा निरोगी माणसातही दिसतो, थंड बोटावर यंत्र चुकते, आणि संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर सगळ्यांनी आकडे ताडून पाहण्याचा जो खेळ चालतो त्यातून घाबरणारा उगाच घाबरतो आणि ज्याचे डोके फुटायची वेळ आली आहे तो आकडा बरा म्हणून गप्प बसतो. आकड्यापेक्षा लक्षणे पाहावीत. टाचेला पंजा लावत सरळ रेषेत चालता येते का, ही फुकटची चाचणी उंचीमुळे मेंदूला आलेली सूज ओळखण्यासाठी कोणत्याही यंत्रापेक्षा अधिक उपयोगी आहे.

उपचारांच्या बाजूविषयी थोडक्यात. दवाखाना लहान आहे, पण ज्या आजारांसाठी तो आहे त्यांची सामग्री तिथे असते : ऑक्सिजन, मेंदूच्या सुजेसाठी डेक्सामेथासोन, फुप्फुसांत पाणी झाल्यास निफेडिपिन, आणि दाबाची पिशवी. ही पिशवी म्हणजे माणूस आत झोपू शकेल अशी हवाबंद थैली. पायपंपाने हवा भरली की आतला दाब वाढतो आणि रुग्ण जागच्या जागी दीड-दोन हजार मीटर खाली उतरल्यासारखा होतो. आतला कार्बन डायऑक्साइड बाहेर जात राहावा म्हणून पंप अखंड चालवावा लागतो, त्यामुळे या उंचीवर पिशवीतल्या माणसाइतकाच बाहेरचा माणूसही दमतो. यातले काहीही उतरण्याला पर्याय नाही, उतरता येईपर्यंतची ती सोय आहे. तपासणीचे शुल्क परदेशी पर्यटकांना अधिक आणि नेपाळी लोकांना सवलतीचे असते, आणि हे मला पूर्ण न्याय्य वाटते, कारण पाहुण्यांच्या पैशांवर स्थानिकांचा आणि भारवाहकांचा दवाखाना चालतो.

या शुल्काच्या बदल्यात आणखी एक गोष्ट मिळते, जिची किंमत सहसा कोणी लक्षात घेत नाही : ज्याचा कोणत्याही हेलिकॉप्टर कंपनीशी किंवा लॉजशी व्यवहार नाही अशा डॉक्टरचे मत. नेपाळमध्ये विम्याच्या पैशांसाठी गरज नसताना ट्रेकरांना हेलिकॉप्टरने खाली नेण्याचे प्रकार इतके वाढले होते की २०१८ साली सरकारला चौकशी करावी लागली. अशा वाटेवर ‘तू आज इथेच थांब, उद्या सकाळी पुन्हा बघू’ असे सांगणारा माणूस असणे ही चैन नव्हे. आणि खरी गरज असते तेव्हा ही जागा काय करू शकते हे २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर दिसले. बेस कॅम्पवर कोसळलेल्या हिमकड्याने जखमी झालेल्यांना हवाई मार्गाने आधी इथेच आणले गेले होते.

आता तरुण डॉक्टरांविषयी. उंचीवरच्या संशोधनाचे नाव काढले की आपल्या डोळ्यांसमोर मोठ्या मोहिमा येतात, आणि त्या खरोखरच थोर आहेत. १९६०-६१ च्या हिवाळ्यात ५,८०० मीटरवर उभारलेल्या ‘सिल्व्हर हट’मध्ये ग्रिफिथ प्यू, जॉन वेस्ट, जिम मिलेज यांनी महिनोन्‌महिने राहून स्वतःच्याच शरीरांवर मोजमापे केली. १९८१ च्या अमेरिकन वैद्यकीय मोहिमेत ख्रिस पिझो यांनी एव्हरेस्टच्या माथ्यावर हवेचा दाब मोजला आणि तो पाऱ्याच्या २५३ मिलिमीटर इतका भरला. २००७ च्या ब्रिटिश कॉडवेल एक्स्ट्रीम एव्हरेस्ट मोहिमेत डॉक्टरांनी शिखरावरून उतरताना ८,४०० मीटरवर एकमेकांच्या जांघेतल्या धमनीतून रक्त काढले, शेर्पांनी ते नमुने ६,४०० मीटरवरच्या छावणीतल्या यंत्रापर्यंत पोहोचवले, आणि एका गिर्यारोहकाच्या धमनीतील ऑक्सिजनचा दाब १९.१ मिलिमीटर निघाला. खाली रुग्णालयात असा अहवाल हाती आला तर आपण रुग्ण गेला असेच समजू. या कथा वाचून नव्या डॉक्टरला वाटते की या क्षेत्रात शिरायचे तर आधी आठ हजार मीटरवर चढता आले पाहिजे आणि मागे एखादे श्रीमंत विद्यापीठ उभे हवे. फेरिचेचा इतिहास हा समज खोडून काढतो.

पीटर हॅकेट हा तरुण अमेरिकन डॉक्टर १९७५ च्या सुमारास इथे काम करू लागला तेव्हा त्याच्याकडे काही मोठी यंत्रे नव्हती. त्याच्याकडे होते ते मोक्याचे ठिकाण : खालून येणारा जवळजवळ प्रत्येक ट्रेकर त्या काळी याच वस्तीतून जात असे. त्याने आणि ड्रमंड रेनी यांनी २७८ ट्रेकरांना पद्धतशीर प्रश्न विचारले, तपासले आणि नोंदी ठेवल्या. त्यांपैकी ५३ टक्क्यांना उंचीच्या आजाराची लक्षणे होती. विमानाने लुक्ल्याला उतरलेल्यांना पायी आलेल्यांपेक्षा, भरभर चढणाऱ्यांना सावकाश चढणाऱ्यांपेक्षा आणि तरुणांना वयस्कांपेक्षा त्रास अधिक झाला, आणि ॲसिटाझोलामाइडचा फायदा विमानाने आलेल्यांना झाला. १९७६ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापला गेलेला हा शोधनिबंध आजही या विषयाच्या पायाभूत निबंधांत गणला जातो. त्यामागे वही, पेन्सिल, धीर आणि योग्य जागी बसण्याची अक्कल एवढेच भांडवल होते. हाच हॅकेट पुढे १९८१ च्या त्या मोहिमेत एव्हरेस्टच्या माथ्यावर एकटा पोहोचला. पण क्रम लक्षात घ्यावा, शिखर नंतर आले आणि वही आधी.

दुसरे उदाहरण मला त्याहून शिकण्यासारखे वाटते, कारण त्यात अशा संशोधनाच्या अडचणीही उघड दिसतात. जिंकगो या वनस्पतीचा अर्क उंचीचा आजार टाळतो असा बोलबाला झाला होता. त्याची शहानिशा करण्यासाठी एका आंतरराष्ट्रीय गटाने, ज्यात काठमांडूचे डॉ. बुद्ध बस्न्यातही होते, याच परिसरात ६१४ ट्रेकरांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे चार गटांत वाटले : नुसते जिंकगो, नुसते ॲसिटाझोलामाइड, दोन्ही आणि बिनऔषधी गोळी. फेरिचे-दिंगबोचेला सुरुवात आणि ४,९२८ मीटरवर लोबुचेला शेवट. २००४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये निकाल आला तो असा : बिनऔषधी गोळीवर ३४ टक्के आजारी, जिंकगोवर ३५, ॲसिटाझोलामाइडवर १२, दोन्हींवर १४. जिंकगोचा प्रश्न निकालात निघाला, निदान त्या अर्कापुरता. पण निबंध नीट वाचणाऱ्याला आणखी काही दिसते. ६१४ पैकी ४८७ जणांनीच अभ्यास पूर्ण केला. म्हणजे पाचातला एक गळला, कारण ट्रेकर हा वॉर्डातला रुग्ण नव्हे, तो वाट बदलतो, परत फिरतो, गोळ्या विसरतो. ज्याच्या बोटांना मुंग्या येतात त्याला आपल्याला कोणती गोळी मिळाली आहे याचा अंदाज येतो, मग अभ्यास ‘अंध’ कितपत राहिला? आणि जो फेरिचेपर्यंत ठणठणीत पोहोचला तो मुळातच थोडाफार निवडून आलेला असतो. असे प्रश्न पडू लागले की संशोधक घडायला सुरुवात झाली असे मी मानते. हे प्रश्न वाचनालयातही पडू शकतात, मान्य आहे. पण तीनच्या व्याख्यानाला बसलेले वीस-पंचवीस लोक पाहिल्यावर, त्यांतले कोण उद्या लोबुचेला सापडेल आणि कोण नाही याचा विचार करताना, ते जितक्या ठसठशीतपणे पडतात तितके तिथे पडत नाहीत.

मग आपल्याकडच्या एखाद्या कनिष्ठ डॉक्टरने इथवर यायचे कसे? इथे काम करणारे डॉक्टर स्वयंसेवक असतात, एका हंगामासाठी येतात, बहुतांश पाश्चात्त्य देशांतून आणि काही नेपाळमधून. मोबदल्याच्या अपेक्षेने कोणी येऊ नये. नुकत्याच एमबीबीएस झालेल्या मुलाने अर्ज करण्याची घाई करू नये असेही मी म्हणेन, कारण मध्यरात्री दम लागलेल्या माणसाला न्यूमोनिया आहे की फुप्फुसात उंचीमुळे पाणी झाले आहे हे क्ष-किरणाशिवाय, वरिष्ठाला फोन न लावता ठरवण्याची तयारी तोवर झालेली नसते. मात्र महाराष्ट्रातल्या डॉक्टरांकडे एक जमेची बाजू आहे, जिला ते स्वतः शिक्षा समजतात : बंधपत्रातली वर्षभराची ग्रामीण सेवा. नंदुरबार किंवा गडचिरोलीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एकट्याने रात्र निभावलेला वैद्यकीय अधिकारी फेरिचेच्या खोलीत मोठ्या शहरातल्या अतिविशेषोपचार रुग्णालयात घडलेल्या डॉक्टरपेक्षा अधिक उपयोगाचा ठरेल.

औपचारिक पात्रता म्हणून जगभर मान्यता आहे ती पर्वतीय वैद्यकाच्या आंतरराष्ट्रीय पदविकेला. गिर्यारोहण संघटनांचा महासंघ, पर्वतीय बचावाचे आंतरराष्ट्रीय मंडळ आणि पर्वतीय वैद्यकाची आंतरराष्ट्रीय संस्था यांनी मिळून १९९७ मध्ये तिचा आराखडा ठरवला आणि अनेक देशांत, अगदी नेपाळमध्येही, ती शिकवली जाते. तिच्यात व्याख्यानांइतकेच वजन दोर, बर्फ आणि बचाव यांच्या प्रत्यक्ष कौशल्याला असते, त्यामुळे आधी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा किंवा दार्जिलिंगच्या हिमालयीन गिर्यारोहण संस्थेचा प्राथमिक अभ्यासक्रम केलेला बरा. सह्याद्रीत वर्षानुवर्षे भटकलेल्याला चालण्याची भीती नसते. बर्फावरची कुऱ्हाड मात्र लिंगाण्यावर शिकता येत नाही.

भारतात या विषयाची परंपरा दुबळी आहे असे कोणी समजू नये. १९६२ च्या युद्धात सखल प्रदेशातून थेट उंचीवर नेलेल्या जवानांवर जे ओढवले त्यातून इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जो अभ्यास केला, त्यातला १,९२५ जवानांवरचा निबंध १९६९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला आणि तो जगभर उद्धृत होतो. फेरिचेच्या वहीच्याही आधीची ही गोष्ट आहे. परंतु आपल्याकडचे हे काम मुख्यतः लष्कराच्या चौकटीत झाले आणि होते. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्याला लेह आणि सियाचीन नोकरीच्या ओघात भेटतात. त्याच शहरातल्या दुसऱ्या महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या नागरी डॉक्टरला तो दरवाजा सहज उघडत नाही. म्हणूनच नागरी डॉक्टरसाठी नेपाळमधली ही चौकी, तिची मनांगची (३,५०० मीटर) धाकटी बहीण आणि २००३ पासून वसंतात एव्हरेस्ट बेस कॅम्पवर तंबूत चालणारा ‘एव्हरेस्ट ईआर’ हा तातडीचा दवाखाना यांचे महत्त्व अधिक आहे. संशोधन करायचे असल्यास मात्र नुसती प्रश्नावली घेऊन वाटेवर उभे राहता येत नाही. नेपाळ आरोग्य संशोधन परिषदेची मंजुरी लागते, आणि स्थानिक सहसंशोधक असल्याशिवाय त्या वाटेला जाऊही नये. बाहेरून येऊन नमुने गोळा करून निघून जाणारे संशोधन या खोऱ्याने पुष्कळ पाहिले आहे.

उणिवा सांगायच्या तर त्या सेवेच्या रचनेतल्याच आहेत. स्वयंसेवक परदेशी असल्याने व्याख्यान इंग्रजीत होते, आणि ते ऐकायला जे येतात ते बहुतेक पाश्चात्त्य ट्रेकर असतात. ज्यांना त्याची सर्वाधिक गरज आहे ते भारवाहक त्या वेळी एक तर ओझे घेऊन वाटेवर असतात किंवा लॉजच्या मागच्या खोलीत. यातले अनेकजण सखल डोंगरांतून आलेले राई किंवा तमांग असतात, शेर्पांसारखी पिढ्यान्‌पिढ्यांची उंचीची जडणघडण त्यांना लाभलेली नसते, त्यामुळे ते आपल्याइतकेच आजारी पडू शकतात. पण मजुरी बुडेल म्हणून डोकेदुखी बोलून दाखवत नाहीत. शेजारच्या गोक्यो खोऱ्यात माछेर्मोला भारवाहकांसाठी निवारा आणि बचाव चौकी उभी राहिली ती याच जाणिवेतून. फेरिचेला आपल्या गटासोबतच्या भारवाहकांना व्याख्यानाचा सारांश नेपाळीत किंवा हिंदीत सांगण्याचे काम गटातल्या डॉक्टरने किंवा वाटाड्याने करायला हरकत नाही. हिंदी बहुतेकांना कळते, आणि पाच-दहा मिनिटे पुरतात.

दुसरी मर्यादा वेळापत्रकाची, आणि तिचा दोष पूर्णपणे आयोजकांकडे जातो. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची रोज ५०० मीटरहून अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढावी, हा सर्वमान्य नियम व्याख्यानात ऐकल्यावर श्रोत्याला आपल्या खिशातला छापील कार्यक्रम त्यात बसत नाही असे दिसते. सुट्ट्या जोडून, परतीची तिकिटे आधीच काढून आलेल्या गटात अशा वेळी शांतता पसरते. डॉक्टर सल्ला देऊ शकतात, विमानाचे तिकीट बदलून देऊ शकत नाहीत. त्यामुळे हा नियम फेरिचेला नव्हे, घरी कार्यक्रम निवडतानाच लावून पाहावा; नामचे आणि दिंगबोचे या दोन्ही ठिकाणी जास्तीची रात्र नसलेला कार्यक्रम कितीही स्वस्त असला तरी नाकारावा.

प्रत्यक्ष जाताना करण्याजोगे एवढेच : दिंगबोचेच्या विश्रांतीच्या दिवशी सकाळची टेकडी उरकून, जेवून दोनच्या सुमारास निघावे, वाऱ्यासाठी नाकातोंडावर बफ आणि अंगावर जाड जाकीट असावे, परतीसाठी विजेरी जवळ ठेवावी, आणि देणगीसाठी नेपाळी रुपये सुटे न्यावेत. डॉक्टर असाल आणि या कामाविषयी विचारायचे असेल तर व्याख्यान संपल्यावर थांबावे. बाहेर बाकावर कोणी रुग्ण बसलेला असेल तर तो आत जाऊन येईपर्यंत आपले प्रश्न खिशात ठेवावेत, आणि फार वेळ लागला तर लेखी अर्जाने काठमांडूच्या कार्यालयाकडे विचारणा करावी. येत्या हंगामाच्या जागा आधीच ठरलेल्या असण्याची शक्यता धरून अर्ज बऱ्याच आधी करणे शहाणपणाचे.